सॅम्युएल मोर्स

सॅम्युएल फिन्ली ब्रीझ मोर्स (जन्म : २७ एप्रिल १७९१, चार्ल्सटाउन, मॅसॅच्युसेट्स, मृत्यू : २ एप्रिल १८७२, न्यू यॉर्क) हे अमेरिकन चित्रकार आणि विद्युत तारायंत्राचे एक प्रमुख संशोधक होते. टिंब व रेघ या दोन खुणांवर आधारलेली मोर्स लिपी त्यांच्या नावाने ओळखली जाते. आयुष्याची पहिली पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षे त्यांची ओळख चित्रकार अशीच होती. तारायंत्राने त्यांना जागतिक कीर्ती व संपत्ती मिळवून दिली. मात्र या यंत्रातील त्यांचा वाटा किती आणि सहकाऱ्यांचा किती, हा वाद त्यांच्या हयातीतच सुरू झाला. तारसेवा बहुतेक देशांतून बंद झाली असली, तरी मोर्स लिपी हौशी रेडिओ (हॅम रेडिओ) क्षेत्रात आजही वापरात आहे.

जन्म व शिक्षण

मोर्स यांचे वडील जेडिडाया मोर्स हे धर्मोपदेशक होते. अमेरिकेच्या भूगोलावरील त्यांची पाठ्यपुस्तके त्या काळी घरोघरी माहीत होती. आईचे नाव एलिझाबेथ ॲन फिन्ली ब्रीझ. सॅम्युएल हे त्यांचे थोरले अपत्य. घरचे वातावरण कर्मठ प्रॉटेस्टंट पंथाचे होते व त्याचा ठसा मोर्स यांच्या विचारांवर अखेरपर्यंत राहिला. अँडोव्हर येथील फिलिप्स अकॅडमीत शालेय शिक्षण घेतल्यावर ते येल महाविद्यालयात दाखल झाले व १८१० मध्ये पदवीधर झाले. येलमध्ये बेंजामिन सिलिमन आणि जेरेमाया डे या प्राध्यापकांची विजेवरील व्याख्याने त्यांनी ऐकली. मात्र त्यांचा खरा ओढा चित्रकलेकडे होता. हस्तिदंतावर छोटी व्यक्तिचित्रे काढून ते विद्यार्थिदशेतच थोडेफार पैसे मिळवीत असत.

चित्रकलेतील कारकीर्द

१८११ मध्ये चित्रकार वॉशिंग्टन ऑलस्टन यांच्यासोबत मोर्स इंग्लंडला गेले. लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्यांना प्रवेश मिळाला आणि बेंजामिन वेस्ट यांचे मार्गदर्शन लाभले. मरणासन्न हर्क्युलीसच्या चित्राची पूर्वतयारी म्हणून त्यांनी मातीची एक प्रतिमा घडविली होती. तिला १८१३ मध्ये सुवर्णपदक मिळाले. पौराणिक व ऐतिहासिक विषयांवर भव्य चित्रे काढावीत, अशी महत्त्वाकांक्षा घेऊन ते १८१५ मध्ये मायदेशी परतले. परंतु तेथे अशा चित्रांना ग्राहक नव्हता. लोकांना हवी होती ती स्वतःची व कुटुंबीयांची व्यक्तिचित्रे. उपजीविकेसाठी मोर्स गावोगाव हिंडून तीच काढू लागले. हिवाळ्यात ते दक्षिणेकडील चार्ल्सटन शहरात मुक्काम करीत, कारण तेथे श्रीमंत मळेवाल्यांकडून काम मिळे.

२९ सप्टेंबर १८१८ रोजी ल्युक्रेशिया पिकरिंग वॉकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. याच सुमारास अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो यांचे व्यक्तिचित्र काढण्याचे काम त्यांना मिळाले. पुढे १८२२-२३ मध्ये त्यांनी अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे एक मोठे चित्र रंगविले. संध्याकाळी दिवे लागत असतानाच्या त्या सभागृहात ऐंशीहून अधिक व्यक्तींच्या मुद्रा ओळखता येतील अशा त्यांनी काढल्या होत्या. पैसे देऊन लोक हे चित्र पाहण्यास येतील, अशी त्यांची अपेक्षा होती. ती फोल ठरली आणि प्रदर्शनात तोटा झाला.

१८२५ च्या आरंभी न्यू यॉर्क शहराने मार्की द लाफायेत यांचे पूर्णाकृती चित्र काढण्याचे काम मोर्स यांच्याकडे सोपविले. त्यासाठी ते वॉशिंग्टनला गेले असताना ७ फेब्रुवारी रोजी न्यू हेवन येथे ल्युक्रेशिया यांचे अकस्मात निधन झाले. काही आठवड्यांपूर्वीच त्यांनी तिसऱ्या अपत्याला जन्म दिला होता. वडिलांनी धाडलेले पत्र घोड्यांच्या टपालाने मोर्स यांच्या हाती पडेपर्यंत चार दिवस लोटले. ते न्यू हेवनला पोहोचले तेव्हा पत्नीचे दफन होऊन गेले होते. या दुःखातूनच वेगवान संदेशवहनाचा ध्यास त्यांनी घेतला, असे अनेक लोकप्रिय लेखांत सांगितले जाते. त्याला त्यांच्या कागदपत्रांत आधार नाही. तारायंत्राची कल्पना सुचली ती सात वर्षांनंतर, आणि तिचा उगम ते स्वतः नेहमी एका सागरी प्रवासाशी जोडत असत. तथापि बातमी माणसाच्या चालीने जात असे, त्या काळाची ही घटना एक प्रातिनिधिक घटना होय. मुले नातेवाइकांकडे वाढली व मोर्स पुढील अनेक वर्षे एकाकी आणि आर्थिक ओढाताणीत राहिले.

१८२६ मध्ये न्यू यॉर्कमधील कलावंतांनी नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइन ही संस्था स्थापन केली. मोर्स तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि १८४५ पर्यंत त्या पदावर होते. १८२९ ते १८३२ या काळात त्यांनी पुन्हा युरोपचा प्रवास केला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील निवडक श्रेष्ठ चित्रे एकाच दालनात मांडलेली दाखविणारे एक भव्य चित्र त्यांनी तेथे रंगविण्यास घेतले. जे अमेरिकन लोक युरोपला जाऊ शकत नाहीत त्यांना घरबसल्या ही चित्रे दिसावीत, हा त्यामागील हेतू होता. १८३३ मध्ये पूर्ण झालेले हे चित्रही चालले नाही. ते अवघ्या १,३०० डॉलरला विकावे लागले. १९८२ मध्ये त्याच चित्राला ३२.५ लाख डॉलर एवढी किंमत आली.

तारायंत्राची कल्पना

ऑक्टोबर १८३२ मध्ये मोर्स फ्रान्समधील ल हाव्र बंदरातून ‘सली’ नावाच्या जहाजाने मायदेशी निघाले. जहाजावर चार्ल्स टॉमस जॅक्सन नावाचे बोस्टनचे एक डॉक्टर होते. जेवणाच्या टेबलावर त्यांनी विद्युतचुंबकाविषयी माहिती दिली. तारेतून विजेचा प्रवाह कितीही दूर क्षणार्धात जातो आणि मंडलात कोठेही त्याचे अस्तित्व दाखविता येते, हे ऐकल्यावर प्रवाह सुरू व बंद करून अक्षरे पाठविता येतील असे मोर्स यांना वाटले. उरलेल्या प्रवासात त्यांनी आपल्या वहीत आकृत्या व खुणांची कोष्टके मांडली. पुढे जॅक्सन यांनी ही कल्पना आपलीच असल्याचा दावा केला व त्यावरून दीर्घकाळ वाद चालला.

विजेने संदेश पाठविण्याचा विचार करणारे मोर्स हे पहिले नव्हते. जर्मनी व इंग्लंडमध्ये असे प्रयत्न सुरू होते. इंग्लंडमध्ये विल्यम कुक आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३७ मध्ये चुंबकसूचीच्या हालचालीवर चालणाऱ्या तारायंत्राचे पेटंट घेतले. मोर्स यांच्या योजनेचे वेगळेपण दोन गोष्टींत होते. एक म्हणजे संदेशाची नोंद कागदावर आपोआप उमटावी. दुसरे म्हणजे संदेश वाहण्यास एकच मंडल पुरावे.

न्यू यॉर्क विद्यापीठात चित्रकला व शिल्पकलेचे प्राध्यापक म्हणून मोर्स यांची नेमणूक झाली होती. तेथील खोलीत त्यांनी १८३५ ते १८३७ या काळात पहिले यंत्र उभे केले. चित्राचे कापड ताणण्याची लाकडी चौकट, जुन्या घड्याळाची चक्रे आणि एक पेन्सिल हे त्याचे मुख्य भाग होते. विद्युतचुंबक पेन्सिलीला खेची आणि सरकत्या कागदी फितीवर नागमोडी रेघ उमटे. संदेश पाठविण्यासाठी मात्र हाताने दाबायची कळ नव्हती. दाते असलेले धातूचे खिळे एका पट्टीत, छापखान्यात जुळवतात तसे, ओळीने जुळवायचे आणि ती पट्टी दांड्याने फिरवून एका तरफेखालून न्यायची, अशी रचना होती. दात्यांच्या उंचसखलपणानुसार तरफ खालीवर होई व प्रवाह सुरू-बंद होई. खुणांची लांबी माणसाच्या हातावर न सोपविता यंत्राने ठरवावी, हा यामागील विचार होता. सुरुवातीच्या या पद्धतीत अक्षरे नव्हती, अंक होते. प्रत्येक शब्दाला क्रमांक दिलेला एक जाडजूड कोश मोर्स यांनी त्यासाठी तयार करण्यास घेतला होता.

सहकारी व सुधारणा

या यंत्राची एक मोठी अडचण अशी होती, की प्रवाह काही फुटांपलीकडे क्षीण होत असे. मोर्स यांना विद्युतशास्त्राचे अद्ययावत ज्ञान नव्हते. विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक लेनर्ड गेल यांनी जोसेफ हेन्री यांचे १८३१ मधील संशोधन त्यांच्या नजरेस आणून दिले. एका मोठ्या घटाऐवजी अनेक घटांची माला आणि चुंबकावर तारेचे पुष्कळ वेढे वापरताच संदेश काही मैलांपर्यंत जाऊ लागला. त्याहून लांबच्या अंतरासाठी रिलेची योजना करण्यात आली. क्षीण झालेला प्रवाह रिलेमधील चुंबकाला हलवतो आणि तो चुंबक ताज्या घटमालेचे पुढचे मंडल सुरू करतो, असे तिचे कार्य आहे.

२ सप्टेंबर १८३७ रोजी विद्यापीठात झालेले प्रात्यक्षिक पाहण्यास आल्फ्रेड व्हेल हा तरुण उपस्थित होता. त्याच्या वडिलांचा न्यू जर्सीतील मॉरिसटाउन येथे लोखंडी यंत्रसामग्रीचा कारखाना होता. त्याच महिन्यात करार झाला. व्हेल यांनी स्वखर्चाने यंत्रे बनवून द्यावीत आणि त्याबदल्यात अमेरिकेतील हक्कांचा चौथा हिस्सा घ्यावा, असे ठरले. कुशल यंत्रकार असलेल्या व्हेल यांनी ओबडधोबड चौकटीचे रूपांतर नेटक्या यंत्रात केले. जानेवारी १८३८ मध्ये कारखान्यात सुमारे ३ किलोमीटर तारेतून संदेश पाठवून दाखविण्यात आला. त्याच महिन्यात शब्दकोशाची पद्धत सोडून प्रत्येक अक्षराला टिंबे व रेघांची खूण देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली.

या लिपीत वारंवार येणाऱ्या अक्षरांना छोट्या खुणा आहेत. इंग्रजीत सर्वाधिक येणारे ‘ई’ हे अक्षर एका टिंबाचे, तर ‘टी’ एका रेघेचे आहे. कोणते अक्षर किती लागते हे छापखान्यातील खिळ्यांच्या खणांवरून ठरविले, असे सांगतात. अक्षरांची ही रचना मूळ मोर्स यांची की व्हेल यांची, यावर अभ्यासकांत एकमत नाही. करारानुसार व्हेल यांनी केलेली प्रत्येक सुधारणा मोर्स यांच्या नावावर जात होती आणि व्हेल यांनी स्वतः हयातीत जाहीर दावा केला नाही. त्यामुळे हा प्रश्न केवळ कागदपत्रांवरून सुटणे कठीण झाले आहे.

१८३८ मध्ये वॉशिंग्टनला काँग्रेसच्या समितीपुढे प्रात्यक्षिक झाले. समितीचे अध्यक्ष फ्रान्सिस स्मिथ यांनी अनुकूल अहवाल दिला. मात्र ते स्वतःच या उपक्रमात गुप्तपणे भागीदार झाले होते. निधी मिळाला नाही. मोर्स पेटंटसाठी युरोपला गेले. इंग्लंडने पेटंट नाकारले. फ्रान्सने ते दिले, पण त्याचा व्यवहारात उपयोग झाला नाही. १८३९ मध्ये पॅरिस येथे त्यांची छायाचित्रणाचे संशोधक लुई दागेर यांच्याशी भेट झाली. परतल्यावर मोर्स यांनी अमेरिकेत या तंत्राचा प्रसार केला. यादवी युद्धाचे छायाचित्रकार मॅथ्यू ब्रॅडी हे त्यांचे विद्यार्थी होते. अमेरिकेतील तारायंत्राचे पेटंट २० जून १८४० रोजी मिळाले.

वॉशिंग्टन–बाल्टिमोर तारमार्ग

पुढील तीन वर्षे मोर्स यांच्या आयुष्यातील सर्वांत हलाखीची होती. अमेरिकी संसदेच्या इमारतीतील भव्य चित्रांसाठी आपली निवड होईल, अशी त्यांना आशा होती. १८३७ मध्ये ती मावळल्यानंतर त्यांनी चित्रकला जवळजवळ सोडून दिली होती. ऑक्टोबर १८४२ मध्ये न्यू यॉर्क बंदरात पाण्याखालून तार टाकून त्यांनी संदेश पाठविण्याचा प्रयोग केला. पण एका जहाजाच्या नांगरात अडकून तार तुटली आणि जमलेल्या लोकांपुढे फजिती झाली.

अखेर २३ फेब्रुवारी १८४३ रोजी प्रतिनिधिगृहाने प्रायोगिक तारमार्गासाठी ३०,००० डॉलरचा निधी ८९ विरुद्ध ८३ अशा निसटत्या बहुमताने संमत केला. अनेक सदस्य मतदानापासून दूर राहिले. ३ मार्च रोजी, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, सिनेटनेही मान्यता दिली. वॉशिंग्टन ते बाल्टिमोर हे सुमारे ६० किलोमीटरचे अंतर रेल्वेमार्गालगत जोडायचे होते. प्रथम तारा शिशाच्या नळीत घालून जमिनीत पुरण्यात आल्या. काही मैल काम झाल्यावर आवरण सदोष असल्याने प्रवाह गळतो, हे लक्षात आले. तोवर निधीचा मोठा भाग संपला होता. मग एझ्रा कॉर्नेल यांच्या देखरेखीखाली तारा खांबांवरून नेण्यात आल्या. पुढे जगभर रस्त्यांच्या व लोहमार्गांच्या कडेने दिसू लागलेले तारेचे खांब हे असे अपयशातून निघालेल्या तडजोडीचे फळ होते.

काम चालू असताना, मे १८४४ च्या प्रारंभी, व्हिग पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी हेन्री क्ले यांना उमेदवारी दिल्याची बातमी अर्धवट तयार मार्गावरून वॉशिंग्टनला पोहोचली. नंतर आलेल्या रेल्वेगाडीने तिला दुजोरा दिला. २४ मे १८४४ रोजी औपचारिक उद्घाटन झाले. संसद भवनातील सर्वोच्च न्यायालयाच्या दालनातून मोर्स यांनी बायबलमधील एक वचन पाठविले आणि बाल्टिमोरहून व्हेल यांनी ते परत पाठविले. पेटंट आयुक्तांची कन्या ॲनी एल्सवर्थ यांनी ते वचन निवडले होते.

या मार्गावर खिळ्यांच्या पट्टीऐवजी व्हेल यांनी बनविलेली साधी स्प्रिंगची कळ वापरली गेली. खुणा कागदी फितीवर दाबून उमटत. परंतु तारेवरील कर्मचाऱ्यांना काही काळातच यंत्राच्या खटखटीवरूनच संदेश कळू लागला. फितीची गरज कमी होत गेली आणि कागदावर नोंद करणारे यंत्र म्हणून जन्मलेले तारायंत्र हाताने बोलण्याचे व कानाने ऐकण्याचे साधन बनले. मोर्स यांच्या मूळ कल्पनेत हे नव्हते.

व्यवसाय व न्यायालयीन लढे

आपले हक्क सरकारने १,००,००० डॉलरला विकत घ्यावेत, अशी मोर्स यांची इच्छा होती. सरकारने ती मान्य केली नाही. माजी पोस्टमास्टर जनरल एमोस केंडल यांच्या साहाय्याने १८४५ मध्ये मॅग्नेटिक टेलिग्राफ कंपनी स्थापन झाली. खाजगी कंपन्यांनी झपाट्याने तारमार्ग उभारले आणि मोर्स यांना हक्काचे उत्पन्न मिळू लागले. त्याबरोबर दावे-प्रतिदावेही सुरू झाले. हेन्री ओरायली यांच्याविरुद्धच्या खटल्यात १८५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोर्स यांचे पेटंट मुख्यत्वे वैध ठरविले. मात्र विद्युतप्रवाहाने दूर अंतरावर खुणा उमटविण्याच्या कोणत्याही पद्धतीवर आपला हक्क आहे, हा त्यांचा आठवा दावा न्यायालयाने अतिव्यापक म्हणून फेटाळला. निसर्गनियमावर पेटंट मिळत नाही, ते विशिष्ट साधनावर मिळते, या तत्त्वासाठी हा निकाल पेटंट कायद्याच्या अभ्यासात आजही महत्त्वाचा मानला जातो. या वादांत जोसेफ हेन्री यांनी दिलेल्या साक्षीमुळे मोर्स यांचे त्यांच्याशी असलेले संबंध कायमचे बिघडले.

व्हेल यांनी १८४८ मध्ये तारायंत्राचे काम सोडले. १८५९ मध्ये ते वारले तेव्हा त्यांची आर्थिक स्थिती बेताचीच होती. याउलट १८५८ मध्ये दहा युरोपीय सत्तांनी मिळून मोर्स यांना ४,००,००० फ्रँकचे मानधन दिले. पेटंटचे संरक्षण नसतानाही युरोपात त्यांची पद्धती रूढ झाली होती, त्याची ही भरपाई होती.

राजकीय विचार

मोर्स यांचे राजकीय व सामाजिक विचार त्यांच्या कीर्तीशी विसंगत वाटावेत असे होते. त्यांनी रोमन कॅथलिक पंथाविरुद्ध आणि कॅथलिक स्थलांतरितांविरुद्ध लेखन केले. न्यू यॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक त्यांनी १८३६ मध्ये स्थलांतरितविरोधी पक्षातर्फे लढविली. त्यांना सुमारे १,५०० मते मिळाली. १८४१ मध्येही ते पराभूत झाले. गुलामगिरीचे त्यांनी उघड समर्थन केले; ती ईश्वरी योजनेचा भाग आहे, असे त्यांचे मत होते. यादवी युद्धाच्या काळातही त्यांनी या मताचा प्रचार केला. दूरदूरच्या माणसांना जोडणाऱ्या साधनाचा हा जनक माणसामाणसांतील भेद कायम ठेवू पाहत होता, ही बाब त्यांच्या चरित्रकारांना टाळता आलेली नाही.

अखेरची वर्षे

१८४७ मध्ये मोर्स यांनी पोकीप्सी येथे हडसन नदीकाठी लोकस्ट ग्रोव्ह हे निवासस्थान घेतले. १८४८ मध्ये सारा एलिझाबेथ ग्रिसवोल्ड यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. त्यांना चार अपत्ये झाली. वासर महाविद्यालयाच्या संस्थापक विश्वस्तांमध्ये त्यांचा समावेश होता. सायरस फील्ड यांच्या अटलांटिक महासागराखालील तारेच्या योजनेतही त्यांनी सुरुवातीला भाग घेतला. १० जून १८७१ रोजी न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये तारसेवेतील कर्मचाऱ्यांच्या वर्गणीतून उभारलेल्या त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्याच रात्री झालेल्या समारंभात त्यांचा निरोपाचा संदेश देशभरातील तारघरांना पाठविण्यात आला. त्याखालची सही वृद्ध मोर्स यांनी स्वतः कळ दाबून केली. २ एप्रिल १८७२ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. ब्रुकलिन येथील ग्रीन-वुड दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

मोर्स लिपीचा प्रसार

मूळ अमेरिकन लिपीत काही अक्षरांच्या पोटातच मोकळी जागा होती व रेघांच्या लांबीतही फरक होता. जर्मनीत फ्रीड्रिख गेर्के यांनी १८४८ मध्ये ती सुटसुटीत केली. त्यावर आधारित आंतरराष्ट्रीय मोर्स लिपी १८६५ च्या पॅरिस परिषदेत स्वीकारली गेली. आज जगात वापरात आहे ती हीच. भारतात डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर हा तारमार्ग सुरू केला. प्रारंभी त्यांनी स्वतःचे वेगळे उपकरण वापरले. पुढे भारतातही मोर्स पद्धती आली. ‘तार आली’ या दोन शब्दांनी घराघरांत धडकी भरविणारी ही सेवा भारतात जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

बिनतारी संदेशवहनानेही हीच लिपी उचलली. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिकपार ऐकल्याचे नोंदविलेली खूण म्हणजे ‘एस’ या अक्षराची तीन टिंबे होती. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेनंतर हौशी रेडिओच्या परवान्यासाठी मोर्स लिपीची आंतरराष्ट्रीय सक्ती राहिली नाही. ती ठेवावी की नाही हे प्रत्येक देशावर सोपविण्यात आले. तरीही अल्प शक्तीच्या प्रक्षेपकाने व गोंगाटातून दूरवर संपर्क साधता येत असल्याने हौशी मंडळी ती आवडीने शिकतात.

साध्या कळीपासून इलेक्ट्रॉनिक कीयरपर्यंत

आंतरराष्ट्रीय लिपीत रेघ तीन टिंबांएवढी असते. एकाच अक्षरातील खुणांमध्ये एका टिंबाचे, दोन अक्षरांमध्ये तीन टिंबांचे आणि दोन शब्दांमध्ये सात टिंबांचे अंतर असते. वेग मोजण्यासाठी ‘पॅरिस’ हा इंग्रजी शब्द प्रमाण मानतात. त्यानंतरच्या अंतरासह तो ५० टिंबांएवढा होतो. त्यानुसार मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाने टिंब १०० मिलिसेकंदांचे, तर २० शब्दांच्या वेगाने ६० मिलिसेकंदांचे असते. साध्या कळीवर ही सर्व मापे मनगटाने सांभाळावी लागतात. तारेवर तासन्‌तास काम करणाऱ्यांचे हात त्यामुळे दुखावत. हा ताण कमी करण्यासाठी होरेस मार्टिन यांनी १९०४ मध्ये अर्धस्वयंचलित कळीचे पेटंट घेतले. तिच्यात डोलणाऱ्या पट्टीमुळे टिंबे आपोआप उमटत. रेघा मात्र हाताने द्याव्या लागत.

इलेक्ट्रॉनिक कीयरमध्ये टिंबे व रेघा दोन्ही मंडलातून तयार होतात. त्याला जोडलेल्या पॅडलला आडव्या हलणाऱ्या दोन पट्ट्या असतात. उजव्या हाताने काम करणारा सामान्यतः अंगठ्याने टिंबांची आणि तर्जनीने रेघांची पट्टी दाबतो. पट्टी दाबून धरली की त्या खुणेची माळ सुरू राहते. दोन्ही पट्ट्या एकत्र दाबल्यास टिंब व रेघ आळीपाळीने येतात. उदाहरणार्थ, ‘सी’ या अक्षराची रेघ-टिंब-रेघ-टिंब ही खूण रेघेची पट्टी किंचित आधी दाबून एकाच चिमटीत देता येते. चिमूट सोडल्यावर काय व्हावे, यासाठी ‘ए’ व ‘बी’ असे दोन प्रकार आहेत. ‘ए’ प्रकारात चालू असलेली खूण पूर्ण होऊन कीयर थांबतो. ‘बी’ प्रकारात तो आणखी एक विरुद्ध खूण जोडतो. एका प्रकाराची सवय झालेल्या हाताकडून दुसऱ्यावर चुका होतात. म्हणून सुरुवातीलाच एक प्रकार निवडून त्यावर टिकून राहणे हितावह ठरते.

कीयर निवडताना वेग बदलण्याचे बटण सहज हाताशी येते का, ‘ए’ व ‘बी’ दोन्ही प्रकार मिळतात का, डाव्या हाताने काम करणाऱ्यासाठी पट्ट्यांची अदलाबदल करता येते का आणि आपली खूण आपल्याला ऐकू येते का, हे पाहिले जाते. जुन्या निर्वात नलिकांच्या प्रक्षेपकांत कळीच्या टोकांवर मोठा विद्युतदाब असू शकतो. तो कीयरच्या ट्रान्झिस्टरला पेलेल याची खात्री करावी लागते. आधुनिक संचांत कीयर बहुधा अंगभूत असतो व केवळ पॅडल जोडावे लागते. पॅडलची बैठक जड असावी, नाहीतर ते टेबलावर सरकते. नवशिक्याने प्रथम साध्या कळीवर हात बसवावा की थेट पॅडलवर, याविषयी जाणकारांत दोन मते आहेत. मात्र आधी कानाने अक्षरे ओळखता आली पाहिजेत, याविषयी दुमत नाही.

खुणांची लांबी यंत्राने ठरवावी, ही खिळ्यांच्या पट्टीमागील मोर्स यांची कल्पना व्हेल यांच्या कळीने मागे पडली होती. इलेक्ट्रॉनिक कीयरने ती वेगळ्या रूपात परत आणली. तथापि साधा कीयर टिंब, रेघ आणि त्यांमधील अंतरच नेमके करतो. अक्षर कोठे संपते आणि शब्द कोठे संपतो, हे आजही पाठविणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. त्यामुळेच अनुभवी श्रोत्याला कळीवर कोणाचा हात आहे, हे पुष्कळदा नाव कळण्याआधीच ओळखता येते.